उतरेल की थांबेल

आक्काला कोणी विचारलं, "तुम्ही काय काम करता हो?" की ती म्हणायची, "मी माणसांना चौकटीत बसवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई फोटोंना फ्रेम करून देत असाव्यात. तिच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणायचा, हे काम ती लग्न झाल्यापासून करते आहे, पगार तेवढा हल्ली सुरू झाला.

काम खरोखरच तसं होतं. गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक कॅमेरा लावलेला असतो. तो रस्त्यावरची माणसं हुडकतो, एखादा गाडीखाली येईल असं दिसलं की ड्रायव्हरच्या आधी बोंब मारतो, आणि अगदीच वेळ आली तर स्वतःच ब्रेक लावतो. पण माणूस म्हणजे काय हे कॅमेऱ्याला जन्मतः ठाऊक नसतं, ते कोणीतरी शिकवावं लागतं. खांब म्हणजे माणूस नव्हे. गॅलरीत वाळत घातलेला शर्ट माणूस नव्हे. छत्रीखालून नुसते दोन पाय दिसत असले, तरी तो मात्र माणूस. आक्का आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी एका लांबलचक खोलीत पडद्यांसमोर बसून रस्त्यावरच्या छोट्या छोट्या चित्रफिती बघायच्या आणि त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती माउसने चौकट काढायच्या.

चौकट काढणं सोपं. खरी गंमत पुढे होती. रस्त्याच्या कडेला कोणी उभा असला, तर त्याच्या चौकटीखाली एक प्रश्न यायचा: उतरेल की थांबेल? म्हणजे हा गडी आता रस्त्यात पाऊल टाकणार की गाडी जाऊ देणार? आणि ऐन मोक्याच्या क्षणी फीत संपायची. पुढे काय झालं ते कधीच दाखवत नसत.

पहिल्याच दिवशी आक्काने याबद्दल भांडण काढलं होतं. "गोष्ट अर्धी सांगायची ही कुठली पद्धत?"

तिच्या वरिष्ठ बाईंना सगळे मॅडम म्हणत. वयाने आक्काच्या पुतणीएवढ्या, पण डोकं थंड. त्या म्हणाल्या, "शेवट बघितला ना आक्का, की प्रत्येकाला वाटतं, मला हे आधीच माहीत होतं. तसलं उत्तर आम्हाला नको. गाडीला कुठे शेवट माहीत असतो? तिला जेवढं दिसतं, तेवढंच तुम्हालाही दिसलं पाहिजे."

आक्काला ते पटलं नाही, पण तोंडाला तोंड द्यायला काही सापडलंही नाही. अशी वेळ तिच्यावर क्वचितच येई. अर्धं आयुष्य तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. छापखाना बंद पडला, पण डोळ्यांची खोड गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की शुभेच्छांच्या आधी ती चुका काढायची. घरात, शेजारात, नात्यात आक्काचं म्हणणं शेवटचं असे, आणि ते तसं नसलं तर ती ते शेवटचं होईपर्यंत बोलत राही. नव्या ऑफिसात आल्या आल्या तिने जाहीर करून टाकलं की मला मॅडम-बिडम म्हणू नका, घरी मला आक्का म्हणतात. तेव्हापासून खोलीतल्या सगळ्या पोरींची ती आक्का झाली. त्यांचे डबे, त्यांचे रुसवे, त्यांच्या खुर्च्यांची मोडकी चाकं, सगळ्यात तिचं नाक असे. वातानुकूलित हवा इतकी गार असायची की सगळ्या जणी शाली पांघरून बसत. लांबून बघणाऱ्याला ती खोली आजारी माणसांच्या वॉर्डासारखी दिसे.

तर अशाच एका दुपारी, जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झापड येत असताना, एक फीत आली.

फितीला लाल किनार होती. लाल किनार म्हणजे यंत्राने त्या क्षणी टक्कर होणार असं भाकीत केलेलं. रस्ता परका होता. फिती निरनिराळ्या देशांतून येत, आणि इथे गाड्या आपल्या उलट्या बाजूने चालल्या होत्या, तेव्हा हा कुठलातरी परदेश हे उघडच होतं. माणसांचे चेहरे, गाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या हे सगळं नेहमीप्रमाणे धुरकट करून टाकलेलं. ऊन मात्र छान पडलं होतं. रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. खांद्याला हत्यारांची जड पिशवी, मान वर, नजर समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. उभा होता तोसुद्धा टाचा धड न टेकवता. त्याने शर्टाचा खिसा चाचपला. मग गाडीकडे न बघताच उजवा पंजा तिच्या दिशेने वर केला, कुत्र्याला "बस" म्हणावं तसा. त्याचं पाऊल हवेत होतं आणि गाडी पार जवळ आली होती. तिथे फीत संपली.

आक्काचं बोट "उतरेल" वर केव्हाच पडलं होतं. मन मागून आलं, आणि आलं ते धापा टाकतच.

कारण असा रस्ता ओलांडणारा जगात एकच माणूस तिला माहीत होता. तिचा धाकटा भाऊ.

भावाला ती लहानपणापासून उंट म्हणायची. त्याची मान कायम वर. धंदाही त्याने तसाच पकडला, लिफ्ट दुरुस्त करण्याचा, त्यामुळे आभाळाकडे बघत चालायला त्याला कायमचं निमित्त मिळालं. रस्ता ओलांडण्याआधी चष्मा खिशात आहे ना हे चाचपायचं, डोळ्यांवर मात्र लावायचा नाही, आणि मग गाड्यांना हात दाखवून सरळ चालू पडायचं. आई म्हणायची, "याला वाटतं, हात दाखवला की जग थांबतं." आणि जग थांबायचंही, आजवर तरी.

चार वर्षं झाली, आक्काने त्याचं तोंड बघितलं नव्हतं. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा भाऊ म्हणाला हॉस्पिटलात न्यायचं, आक्का म्हणाली घरीच ठेवायचं, कारण आई स्वतःच "मला इथून हलवू नका" म्हणत होती. आक्काचं म्हणणं नेहमीप्रमाणे शेवटचं ठरलं. आई घरीच गेली. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी घर भरलेलं असताना भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या हट्टापायी आई गेली." आक्का त्याच्याहून मोठ्या आवाजात म्हणाली, "मग आजपासून तूही मला मेलास." त्याने पिशवी उचलली आणि तो निघून गेला. कोणी कोणाला फोन केला नाही.

आता तो पडद्यावर एक पाय हवेत धरून थांबला होता. तिने फीत पुन्हा लावली, पुन्हा लावली. मग तिच्या मुद्रिततपासणीच्या डोळ्यांना एक चूक सापडली, आणि चूक सापडल्याचा एवढा आनंद तिला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. या माणसाने उजवा हात वर केला होता. भाऊ पक्का डावरा. जेवायचा डाव्या हाताने, लिहायचा डाव्या हाताने, लहानपणी आक्काच्या पाठीत धपाटे घालायचा तेही डाव्याच हाताने. शिवाय हा परदेश. लिफ्टवाला परदेशात कशाला मरायला जाईल?

तिचा जीव भांड्यात पडला. पुढची फीत लावून ती एका शाळकरी मुलीभोवती चौकट काढू लागली.

संध्याकाळी तिने ही हकीकत नवऱ्याला सांगितली. ऐकून घेणं हा त्याचा मुख्य गुण.

"मग फोन कर की त्याला," तो म्हणाला.

"मी का म्हणून? मी मोठी आहे. त्याने करावा."

"तोही त्याच्या घरी हेच म्हणत असेल. फक्त धाकटा आहे म्हणून."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. आक्काला वाटलं, पोरींच्या मोडक्या खुर्च्यांबद्दल आपण लिहिलेला अर्ज पोचला वाटतं. पण मॅडमच्या पडद्यावर कालचाच माणूस होता.

"आक्का, या फितीला सगळ्यांनी 'थांबेल' म्हटलंय. खिसा चाचपतोय म्हणजे थांबणार, असा सगळ्यांचा हिशेब. तुम्ही एकटीनेच 'उतरेल' म्हटलंत, तेही फटकन. मला फक्त समजून घ्यायचंय, कशावरून?"

"अहो, अगदी आमच्या भावासारखा दिसला. बोटाने मनाला विचारलंच नाही, तसं झालं. पण तो नव्हे हं. आमचा डावरा आहे."

मॅडम सहज बोलून गेल्या. "मग तर अगदीच शक्य आहे. तुमच्याकडे आलेली प्रत उलटी होती ना."

"उलटी म्हणजे?"

"आरशातली. बाकीच्यांना सरळ प्रत दिली, तुम्हाला उलटवून दिली. मधूनमधून आम्ही असं करतो. डावं-उजवं बदललं म्हणून उत्तर बदलतं का ते बघायला. आधी सांगून टाकलं तर काय उपयोग?" एवढं बोलून त्यांनी मूळ प्रत लावली.

रस्ता पलटला. गाड्या आपल्या बाजूने चालू लागल्या. खिसा डावीकडे गेला, जिथे तो शर्टाला असायला हवा तिथे. काल खिसा उजव्या बाजूला होता, आणि आयुष्यभर लोकांच्या चुका काढणाऱ्या बाईला तो दिसला नव्हता. हात वर गेला. डावा.

"कुठली ही फीत?" आक्काने विचारलं.

"आपल्याच गाडीची. याच शहरातली. दहा-बारा दिवसांपूर्वीची असेल." मग मॅडमचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "आक्का, बसा. बसा आधी."

"पुढे काय झालं?"

"पुढचा भाग माझ्याकडे येत नाही. मला नुसतं उत्तर येतं. उतरला की थांबला, एवढंच."

"मग काय आलंय?"

मॅडमनी पडद्यावरची नोंद उघडली. "उतरला."

चार वर्षांपूर्वी आपण भरल्या घरात काय बोललो होतो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. रागात माणूस काहीही बोलतो, असं ती इतरांची भांडणं मिटवताना नेहमी सांगायची. स्वतःला ते सांगून बघितलं, काही उपयोग झाला नाही. तिने तिथूनच भावाचा नंबर फिरवला. नंबर तिला पाठ होता, याचंही तिला नवल वाटलं नाही. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. आक्काला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ, काही वाईट झालं असतं तर कोणीतरी आपल्याला शोधत आलं असतं. नात्यातले लोक आनंदाची बातमी विसरतात, असली कधी विसरत नाहीत." आक्काला एरवी हे बोलणं लागट वाटलं असतं. आज तेवढाच आधार वाटला.

मॅडमना तोवर मार्ग सुचला होता. "गाडीवरचे ड्रायव्हरदादा रोज संध्याकाळी चित्रणाची डिस्क द्यायला येतात. गाडी त्यांच्याच हातात होती. त्यांना विचारू."

संध्याकाळ काही लवकर होईना. पडद्यासमोर बसून आक्का चौकटी काढत होती, पण एकदा तिने पोस्टाच्या पेटीलाच चौकट काढली आणि तिला "थांबेल" असं उत्तरही देऊन टाकलं. शेजारच्या पोरीने हळूच ते पुसलं. कोणी हसलं नाही.

शेवटी ड्रायव्हरदादा आले. गळ्यात रुमाल, हातात डिस्कची पेटी, आणि बोलायला कोणीतरी भेटल्याचा आनंद तोंडावर. दिवसभर गाडीत एकटेच असल्यामुळे त्यांच्याकडे बोलणं साठलेलं असे. मॅडमनी त्यांना फीत दाखवली.

"हा रस्ता? हो, माहितीय की. तिथं पुढं खोदून ठेवलंय, त्यामुळं रस्ता अरुंद झालाय. मी दोनदा सांगितलं, तिकडं पाठवू नका, पण माझं..."

"दादा, माणूस," आक्का म्हणाली.

"तेच सांगतोय. ऊन डोळ्यावर होतं. हे यंत्र असं केकाटलं म्हणता! एरवी मला त्याचा राग येतो, कबूतर दिसलं तरी ओरडतं. पण त्या दिवशी..."

"दादा, तो जिवंत आहे का?"

त्यांना आता कुठे कळलं की ही गप्पांची वेळ नाही. "अहो म्हणजे काय! खरचटलंसुद्धा नाही त्याला. मी ब्रेक मारला, का गाडीनं मारला, का दोघांनी मिळून मारला, ते काही सांगता येणार नाही. पण गाडी थांबली. त्याच्यापासून हातभर. मीच थरथर कापत होतो. आणि तो पठ्ठ्या काय करतो? बॉनेटवर थाप मारतो, खिडकीशी येतो आणि मलाच विचारतो, 'तुम्हाला कुठं लागलं नाही ना?'"

आक्का खाली बसली, खुर्ची होती म्हणून बरं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. मॅडमनी पाणी दिलं. तोच होता. अंगावर येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरची विचारपूस करणारा माणूस दुसरा कोण असणार? आईने त्याला असंच वाढवलं होतं. आक्कालाही तसंच वाढवलं होतं, पण तिच्या बाबतीत कुठेतरी मुद्रणदोष राहिला असावा.

"कुठे भेटेल तो?" तिने डोळे पुसत विचारलं.

"समोरच्या उंच इमारतीत लिफ्टचं काम चाललंय म्हणाला. जुनी लिफ्ट काढून नवी बसवतोय, महिनाभर तरी तिथंच असेन म्हणाला. मला पाणी पण दिलं वरून आणून. पायऱ्या चढून गेला बिचारा, लिफ्ट बंद होती ना!"

आक्का उठली, पर्स उचलली. दादा म्हणाले, गाडी त्याच बाजूच्या आगारात लावायची आहे, सोडतो. पण कंपनीच्या गाडीत परक्या माणसाला बसवायची परवानगी नव्हती. दोघांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीकडे वळल्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, पण त्या भिंत फार लक्ष देऊन बघू लागल्या.

अशा तऱ्हेने आक्का पहिल्यांदा त्या गाडीत बसली, जिच्या डोळ्यांनी ती इतके दिवस रस्ता बघत आली होती. पुढे एक छोटा पडदा होता आणि त्यात रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाभोवती आपोआप हिरवी चौकट उमटत होती. पाठीवर पोर घेतलेली बाई, सायकल हातात धरून चाललेला म्हातारा, फोनमध्ये डोकं घातलेला तरुण, सगळे आपापल्या चौकटीत. आणि फीत संपत नव्हती. प्रत्येकाचं पुढे काय झालं ते दिसत होतं. बाई पलीकडे पोचली. म्हातारा थांबला. तरुणाला कोणीतरी मागे ओढलं. आक्काला एकेकाचा सुखरूप शेवट बघून इतकं बरं वाटत होतं की ती मोठ्याने बोलू लागली.

"हा थांबेल बघा. थांबला! ती बाई उतरणार. अगं, बघ तरी!"

"आक्का," ड्रायव्हरदादा काकुळतीला येऊन म्हणाले, "एकतर हे यंत्र बोलू दे नाहीतर तुम्ही बोला. दोघं मिळून बोलायला लागलात तर मी चालवायचं कसं?"

खोदलेल्या रस्त्यापाशी गाडी हळू झाली. समोर उंच इमारत होती, आणि तिच्या फाटकातून एक माणूस बाहेर आला. खांद्याला पिशवी. मागे वळून, मान वर करून, आपण दिवसभर केलेल्या कामाकडे बघत तो उलट्या पावलांनी रस्त्याच्या कडेला आला. खिसा चाचपला. पडद्यावरची हिरवी चौकट तांबडी झाली, यंत्र केकाटलं, दादांनी ब्रेक मारला, आणि डावा पंजा वर करून तो गाडीसमोरून चालू लागला.

आक्काने काच खाली केली आणि छापखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जायचा तो आवाज काढला. "ए उंटा!"

रस्त्यावरच्या बऱ्याच जणांनी मान वळवली. उंटाने सगळ्यात शेवटी.

"आक्का?"

ती दार उघडून उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्यापाशी गेली आणि त्याचा दंड धरून त्याला फुटपाथवर ओढलं. "मेल्या..." असं सवयीने तिच्या तोंडून निघालं, आणि अर्ध्यातच तिने ते गिळलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. कानांवरचे केस पांढरे झाले होते. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, म्हणजे ते त्याने स्वतःच लावलं होतं.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "भावोजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सगळे बरे आहेत. तू मेलास असं वाटलं मला."

"ते तर तू चार वर्षांपूर्वीच..."

"गप्प बस. मी बोलतेय ना. मी चुकले. असं बोलायला नको होतं. परत घेते मी ते. ऐकलंस?"

ड्रायव्हरदादांनी गाडी थोडी पुढे घेऊन थांबवली होती आणि ते आरशातून बघत होते. भावाने पिशवी खाली ठेवली. बोलणं त्याला कधीच सोपं नव्हतं, तो पिशवीतून काढलेला पाना हातात फिरवत राहिला.

"मी जास्त वाईट बोललो होतो," तो म्हणाला. "तुझ्या हट्टापायी म्हणालो. माझं म्हणणं ऐकून हॉस्पिटलात नेली असती, आणि तिथं गेली असती, तर तू मला तेच म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग? तेव्हा आपल्यापैकी कोणाला ठाऊक होतं काय होणार ते? आई म्हणत होती घर, डॉक्टर म्हणत होते बघू. तू जे दिसत होतं त्यावरून ठरवलंस. मी सगळं झाल्यावर शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. पण फोन करायचा म्हटलं की हात धजेना. मग नंबर बदलला, म्हटलं आता तिचाही येणार नाही, सुटलो. कसला सुटतोय."

आक्का रोज ज्या खोलीत बसायची, तिथे हेच शिकवत होते, आणि ती रोज ते ऐकून त्यावर वाद घालत होती. इतक्या दिवसांत ते तिच्या डोक्यात शिरलं होतं, आत मात्र आज उतरलं. आई हॉस्पिटलात वाचली असती का? कोणास ठाऊक. चार वर्षं ती दिवसातून एकदा तरी स्वतःला हे विचारत होती आणि कोणाला सांगत नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. भावाने तिला दोष दिला होता, पण तिने स्वतःला दिलेला दोष त्याहून मोठा होता. तो आता तिच्या छातीवरून उठला. ती फुटपाथवर उभी राहून रडली, आणि तिला कोणाचीही लाज वाटली नाही.

"रडू नकोस," भाऊ म्हणाला. "तू रडलीस की मला काही सुचत नाही. तुला मी सापडलो कसा पण?"

"तो किस्सा लांबलचक आहे. घरी चल, जेवताना सांगते. तुझ्या भावोजींना फोन करते, एक ताट जास्त लाव म्हणून."

ड्रायव्हरदादांनी हात हलवला आणि ते गाडी घेऊन आगाराकडे गेले. बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडे होता. भावाने पिशवी खांद्याला अडकवली आणि नव्या लिफ्टबद्दल सांगायला सुरुवात केली, जुनीचे दोर कसे झिजले होते, इमारतीतल्या म्हाताऱ्या बायका कशा पायऱ्यांवर बसत बसत वर जायच्या. सांगता सांगता मान वर गेली, खिसा चाचपला गेला आणि डावा पंजा उठू लागला. आक्काने तो पंजा वरच्या वर पकडला आणि घट्ट धरून ठेवला. समोरून एक ट्रक धडधडत निघून गेला.

"आक्का, हात सोड. पन्नाशीला आलो मी. लोक बघतायत."

"बघू देत," आक्का म्हणाली, आणि दोन्ही बाजूंना नीट बघून त्याला घेऊन रस्त्यात उतरली.